खऱ्याचा डाव, खोट्याचा डाव

१९९४ च्या आखाजीला, भर दुपारी, एरंडोलजवळच्या मामाच्या ओट्यावर माझा अंडरटेकर गेला. पुकारायची पाळी मामेभावाची होती. त्याच्या गड्डीत सगळ्यात वर जायंट गोन्झालेस निघाला आणि तो ओरडला, “उंची! आठ फूट!” माझ्या पत्त्यावर सहा फूट दहा इंच. आमच्या कॅटमध्ये अंडरटेकरचा क्रमांक पहिला होता, पण पाळीच माझी नाही तर त्या क्रमांकाचं काय लोणचं घालायचं? मामेभावानं दोन्ही पत्ते उचलून आपल्या गड्डीखाली सारले. डाव संपल्यावर मी पत्ता परत मागायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, “मनाजोडे शे, आते मना.”

भांडण ओट्यावरून पडवीत गेलं. तिथे घरातले वडीलधारे आबा तिघांना घेऊन मेंढीकोट खेळत होते. हातातली पानं खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, “खरं व्हतं का खोटं? पयले ठरेल व्हतं का?” आम्ही दोघंही गप्प. “मंग आखाजी शे तवलग खरं. आखाजी सरनी का ज्यानं त्याले परत,” एवढं बोलून आबांनी बदामाचा दहिला ओढला.

खऱ्याचा डाव म्हणजे जिंकलं ते आपलं. खोट्याचा डाव म्हणजे शेवटी सगळं ज्याचं त्याला परत. गोट्या खेळलेल्या कुठल्याही पोराला हा फरक सांगावा लागत नाही. खानदेशातल्या पत्त्यांचा इतिहास लिहायला बसलो की मला राजे, राण्या, पैलवान सगळे दुय्यम वाटतात. जिंकलेला पत्ता परत द्यायचा की नाही, हा एकच प्रश्न पुन्हापुन्हा वेगळा वेष घालून समोर येतो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात ती सोनं आणि आमरसावर भागते. खानदेशात ती दिवाळीच्या तोलाची. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. म्हणजे जुना हिशेब होऊन हातात चार पैसे आलेले, शेतात काम नाही आणि बाहेर पारा ४४-४५ अंशांवर. बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर, अशी या सणाची वाटणी होऊन गेली. एरवी लपूनछपून चालणारा झन्ना-मन्नाचा जुगार त्या दोन-तीन दिवसांत गावाच्या पारावर येतो आणि पोलीसही काणाडोळा करतात, ही इथली जुनी समजूत. कायद्यात मात्र आखाजीचा उल्लेख नाही. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याचं १२ (अ) हे कलम जळगाव-धुळ्याच्या पेपरात आजही आठवड्याला एकदा तरी वाचायला मिळतं, ‘५२ पत्त्यांवर झन्ना-मन्ना खेळताना’ या शब्दांच्या शेजारी. त्याच कायद्यात आणखी एक दार आहे: निव्वळ कौशल्याचा खेळ असेल तर तो जुगार नव्हे. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या एका खटल्यात १९६७ साली म्हटलं. आबांनी हा निकाल वाचलेला नव्हता, पण झन्ना-मन्ना खेळणाऱ्याला ते जुगारी म्हणत आणि मेंढीकोट खेळणाऱ्याला खेळगडी. मेंढीकोटात चार दहिले कोणाकडे गेले, कोणता रंग कोणाकडे संपला, हे डोक्यात ठेवावं लागतं. झन्ना-मन्नात पान पडेल तसं नशीब.

डोक्यात ठेवण्याचा हा धागा बराच मागे जातो. अकबरानं १६०१ साली असीरगड घेतला आणि फारुकी राजांचं खानदेश मोगलांचा सुभा झालं, बुऱ्हाणपूर त्याचं ठाणं. त्या मोहिमेत वेढ्यावर जातीनं असलेला अबुल फजल हाच ‘आईन-ए-अकबरी’चा लेखक, आणि त्या ग्रंथात बादशहाच्या गंजिफांचं तपशीलवार वर्णन आहे. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. मोगली कॅट आठ रंगांचा, ९६ पानांचा. आपल्याकडच्या सावंतवाडीचा दशावतारी कॅट दहा रंगांचा, १२० पानांचा. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. गंमत पुढे आहे. निम्म्या रंगांत दहाचं पान मोठं आणि एक्का सगळ्यात लहान, तर उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटा, एक्का मोठा आणि दहा लहान. दशावतारी गंजिफात दिवसा रामाचा रंग आधी उतरतो, रात्री कृष्णाचा. हुकूम असा नाहीच. कोणती पानं गेली ते ज्याला आठवतं त्याच्या हातातली मधली पानं आपोआप राजाच्या मोलाची होतात. सावंतवाडीच्या राजघराण्यानं १९७० च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली म्हणून आज ते पत्ते बघायला तरी मिळतात. आमच्या पैलवानांच्या पत्त्यात ‘क्रमांक’ हा एकच रकाना असा होता, की जिथे लहान आकडा जिंकतो. नवखं पोरगं हमखास फसायचं, “रँक, बत्तीस!” असं छाती काढून ओरडायचं. गंजिफाचे जुने खेळगडी त्याला हसले नसते. त्यांच्या निम्म्या कॅटचा हाच नियम होता.

पैलवानांच्या आधी आमच्या गल्लीत काडेपेटीच्या छापा होत्या. पेटीचं वरचं चित्र कापायचं, गठ्ठा करायचा, जमिनीवर आखलेल्या गोलात लावायचा आणि चपट्या दगडानं बाहेर उडवायचा. सहज मिळणारी छाप एकाची, परगावाहून आलेली दहाची. दुर्मीळ ते महाग, हा बाजार पोरांना कोणी शिकवला नव्हता. हा खेळ कायम खऱ्याचाच असे, कारण कचऱ्यातून उचललेली वस्तू परत कोण मागणार?

पैलवानांच्या या पत्त्यांचा, म्हणजे ट्रम्प कार्डांचा, जन्म मात्र आपल्याकडचा नाही. जर्मनीत पत्त्यांचे चौकडे जमवायचा जुना खेळ होता. पुढे त्या पत्त्यांवर मोटारींचे, विमानांचे आकडे छापून ते भिडवायची पद्धत पडली. इंग्लंडात १९७८ साली ‘टॉप ट्रम्प्स’ नावानं असेच कॅट निघाले. तिथून ही कल्पना आपल्याकडच्या छपाईवाल्यांच्या हाती लागली, आणि नव्वदीत केबल आलं तेव्हा पत्त्यावर काय छापायचं याचा प्रश्न मिटला. आखाती युद्धाच्या सुमारास, १९९१ मध्ये, डिश अँटेनाचं वेड सुरू झालं. दोन-तीन वर्षांत धुळ्याच्या गल्ल्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या आणि त्या वायरीतून डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती आली. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षयकुमारनं अंडरटेकरला उचलून आपटलं तेव्हा आमच्या शाळेत दोन तट पडले. तो खरा अंडरटेकर नव्हता, ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली.

पत्त्यांचा तो कॅट जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दहा रुपयांना मिळे. पातळ पुठ्ठा, भडक शाई, कडा पहिल्याच आठवड्यात फुगायच्या. पत्त्यावर वर पैलवानाचा फोटो, खाली रकाने: क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. नियमांचा कागद आमच्या कॅटमध्ये कधीच निघाला नाही. पत्ते सारखे वाटायचे, गड्डी हातात उलटी धरायची, वरचा एकच पत्ता बघायचा. ज्याची पाळी त्यानं रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा सरस त्यानं पत्ते घ्यायचे आणि पुढची पाळीही त्याचीच. एवढाच खेळ. मोठी माणसं म्हणायची, यात डोकं कुठे लागतं, छापलेलं वाचायचं नि ओरडायचं.

डोकं लागायचं. पहिली पायरी म्हणजे पत्ते पाठ करणं. हातात योकोझुना असेल तर वजन आणि गोन्झालेस असेल तर उंची हे शेंबडं पोरही पुकारतं. खरी परीक्षा मधल्या पत्त्यांची. पत्त्यावरचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो पुकारायचा नसतो. बाकीच्या किती पत्त्यांना तो हरवतो ते बघायचं. दंड बावीस इंच हा आकडा एकटा पाहिला तर दणकट वाटतो, पण कॅटमधल्या निम्म्या पैलवानांचे दंड बाविसाच्या वर असतील तर ती हरण्याची निशाणी. त्याच पत्त्यावर जिंकलेल्या लढती मध्यम दिसत असल्या तरी तिथे त्याच्या वरचे चारच जण असतील, तर तेच पुकारायचं.

दुसरी पायरी माझ्या मामेभावाची. तो मेंढीकोटाच्या मांडीवर वाढलेला, म्हणजे आबांच्या. हरलेला पत्ता माझ्या गड्डीच्या तळाला गेला की तो मनात मोजायचा. समजा, गोन्झालेस तळाला गेला तेव्हा त्याच्यावर सोळा पत्ते आहेत. दर पाळीला वरचा एकच पत्ता जातो, मग कोणी जिंको वा हरो. म्हणजे सतराव्या पाळीला गोन्झालेस वर येणारच. त्या पाळीला हा पठ्ठ्या उंची सोडून दुसरं काहीतरी पुकारायच्या तयारीत असायचा, बहुतेक वेळा जिंकलेल्या लढती, कारण गोन्झालेस डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये १९९३ चं एकच वर्ष टिकला आणि पत्त्यावर त्याच्या विजयांचा रकाना रोडावलेला होता. आठ फुटाचा माणूस एका बोटानं झोपायचा. मी हे कळायच्या आत चार आखाज्या हरलो. जिंकलेले दोन पत्ते तळाशी सारताना आपला आधी ठेवायचा की त्याचा, यातही तो लबाडी करायचा. शेवटी आम्ही नियम केला: जिंकलेला आधी, आपला नंतर, आणि सारताना हात सगळ्यांना दिसला पाहिजे.

असे नियम गल्लीगणिक वेगळे होते, आणि धुळ्यात गल्ल्यांना नंबरच आहेत. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं पेंढाऱ्यांच्या धामधुमीनंतर, १८१९ च्या सुमारास, धुळ्याला खानदेशचं ठाणं केलं आणि नवी पेठ आखली. तिथल्या सरळ गल्ल्या आजही गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच अशाच ओळखल्या जातात. चार नंबरात बरोबरी झाली तर पत्ते मधे पडून राहायचे आणि पुढचा जिंकणारा सगळे उचलायचा. पाच नंबरात बरोबरी झाली की ज्यानं पुकारलं तो हरला. मधे फक्त एक रस्ता, पण सामना ठरला की खेळाआधी अर्धा तास वाटाघाटी. दोन छपाया वेगवेगळ्या असल्या तर आणखी घोळ. एका कॅटमध्ये योकोझुनाचं वजन ५०५ पौंड, दुसऱ्यात ५६८. तोड निघाली ती अशी: ज्याचा पत्ता, त्याचा आकडा. मग सगळ्यांनी जाडा योकोझुना शोधायला सुरुवात केली.

आणि इथे एक नवीनच खेळ जन्मला. एकच कॅट वाटून घेण्याऐवजी प्रत्येकानं आपल्या साठ्यातून दहा पत्ते निवडून आणायचे. पहिल्याच आठवड्यात एकाकडे चार अंडरटेकर निघाले. म्हणून नियम आला, एक पैलवान एकदाच. मग प्रश्न पडला, दहा कोणते? ज्याला नाणेफेकीत पहिली पाळी मिळते त्याला एकाच गुणात अव्वल असलेले पत्ते सोयीचे. उंचीचा एक, वजनाचा एक, दंडाचा एक, तो पुकारत सुटतो. पण एकदा पाळी हातची गेली की हेच पत्ते निकामी, कारण समोरचा त्यांच्या लंगड्या बाजूवरच घाव घालतो. त्या वेळी सगळ्या रकान्यांत बरे असलेले, कशातच पहिले नसलेले, ब्रेट हार्टसारखे पत्ते तगतात. मी सहा-चार असा मेळ धरायचो, सहा अव्वल, चार तगणारे. चौथ्या गल्लीतला एक जण सगळे तगणारेच आणायचा. त्याचा डाव बघायला कंटाळा यायचा आणि तो जिंकायचा.

त्याच सुमारास, ऑगस्ट १९९३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला होता. जमवायच्या पत्त्यांच्या खेळांची पुढची सगळी वंशावळ त्याच्यापासून निघते. तिथेही प्रत्येकानं आपला कॅट स्वतः बांधून आणायचा. तिथेही लवकरच बंधनं आली: किमान ६० पत्ते आणि साधी जमिनीची पानं सोडली तर एका नावाचे चारपेक्षा जास्त नाहीत. कॅट फुगवायचा नाही हे शहाणपण तिथल्या खेळाडूंनीही लवकर ओळखलं, कारण पत्ते वाढले की हवा तो पत्ता वेळेवर हाती यायची शक्यता घटते. आमचे दहा आणि त्यांचे साठ, पण रोग एकच, औषध एकच. मला जास्त नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मॅजिकच्या पहिल्या नियमांत प्रत्येकानं आपल्या कॅटमधला एक पत्ता न बघता डावावर लावायचा होता. जिंकणारा दोन्ही पत्ते कायमचे घेऊन जायचा. म्हणजे खऱ्याचा डाव! लोकांना ते रुचलं नाही, त्यात जुगाराचा वासही होता, आणि काही वर्षांतच तो नियम मोडीत निघाला. १९९६ साली जपानात आलेल्या पोकेमॉनच्या पत्त्यांत जिंकायची बक्षिसं आहेत, पण ती आपल्याच कॅटमधली सहा पानं, खेळाआधी बाजूला ठेवलेली. प्रतिस्पर्ध्याचा गडी पाडला की आपलंच एक पान आपल्याला परत मिळतं. आबा असते तर म्हणाले असते, हे खोट्याहून खोटं.

धुळ्याच्या गल्लीतले हे नियम जळगावच्या खेड्यांत पोचले कसे, याचं उत्तर पुन्हा आखाजीत आहे. आया माहेरी निघाल्या की पोरं मामाच्या गावाला. एसटीत पारोळा, एरंडोल, धरणगाव, अमळनेर असे थांबे पडत आणि प्रत्येक थांब्याला एक तरी पोरगं खिशात गड्डी घेऊन उतरत असे. तिथे वेगळा कॅट, वेगळे नियम, आणि दुपारी अकरा ते पाच बाहेर पाय टाकायची सोय नाही. वीज गेलेली असली तर टीव्हीही नाही. जूनमध्ये पोरं परतली की शाळेत ‘आमच्या मामाकडे असं खेळतात’ हे वाक्य सुरू व्हायचं. कुठल्याही छपाईवाल्याला जे जमलं नसतं ते नियमांचं दळणवळण सासर-माहेरच्या वाटेनं झालं.

एका गोष्टीची अजून चुटपुट लागते. धुळ्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगायचा, गावोगावच्या यात्रांत दंगल असायची, महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून दिली जात होती, खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक आमच्या धड्यात होतं. पण यातल्या एकाचाही पत्ता नाही. एका आखाजीला आम्ही मामाच्या गावच्या पैलवानाचा पत्ता केला. लग्नाचा मोसम, त्यामुळे पत्रिकांचा पुठ्ठा भरपूर. शिंप्याकडून टेप आणून पैलवानाची छाती मोजली, त्यानं दम भरून ती दीड इंच वाढवली. दंड मोजताना मूठ आवळली. वजन भुसार आडत्याच्या काट्यावर. किलोचे पौंड करायला मामीचं कॅल्क्युलेटर. ‘लढती किती?’ विचारल्यावर पैलवान बराच वेळ आढ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “लिखी टाक पाचशे.” जिंकल्या किती? “चारशे नव्वद.” पत्त्याच्या मागे गणपती आणि ‘शुभविवाह’ उलटा दिसायचा, त्यामुळे गड्डीत तो कोणता ते सगळ्यांना कळायचं. दुसऱ्याच डावात त्याच्यावर बंदी आली.

२००२ च्या मे महिन्यात वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी चाललेल्या नावाच्या वादात डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं. पत्त्यांवरची अक्षरं बदलली, पुठ्ठा आणखी पातळ झाला. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत बोलू लागला आणि चिप्सच्या पुड्यांतून त्याचे टॅझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, निघू लागले. खाण्यासाठी चिप्स नव्हतेच, पुडा फोडून टॅझो काढायचा आणि चिप्स धाकट्या भावाला द्यायचे. मी तोवर कॉलेजात होतो. हे सगळं मी गॅलरीतून पाहिलं.

यंदा आखाजीला बहिणीचा मुलगा माझ्याकडे आला. फुले मार्केटातून घेतलेली त्याची पोकेमॉनची गड्डी सोनेरी, प्लास्टिकची, उघड उघड नकली. मी त्याला साठ पत्त्यांचा नियम, ऊर्जेची पानं, सहा बक्षिसं सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग गड्डीचे दोन सारखे भाग केले, एक माझ्यापुढे सरकवला, स्वतःची गड्डी उलटी धरली आणि वरचा पत्ता बघितला. कोपऱ्यात एचपी म्हणून आकडा होता, त्यावर अंगठा ठेवून थांबला.

“मामा,” तो म्हणाला, “खरं का खोटं?”